उत्तरं सगळी बरोबर, गुण पंचवीसपैकी पाच

मराठी माध्यम शाळा, ता. भालकी, जि. बीदर
५ जून २०२४

इयत्ता आठवीच्या सर्व पालकांस,
सप्रेम नमस्कार.

पालकांचा व्हॉट्सॲप गट मुख्याध्यापक रेवणसिद्धप्पा सरांनी कायमचा बंद केला आहे, हे आपण जाणताच. गेल्या वर्षी त्या गटावर तुरीचे भाव, दोन पालकांचं बांधावरून तीन दिवस चाललेलं भांडण आणि रोज सकाळी चाळीस गुलाबाची फुलं येत होती. गणिताचा गृहपाठ टाकला की त्याला एक अंगठा यायचा, तोही शाळेच्या शिपायाचा. म्हणून यापुढे जे सांगायचं ते कागदावर, मुलांच्या दप्तरातून.

या वर्षी आठवीला बीजगणित मी शिकवणार आहे. आमच्याकडून काय अपेक्षा आहे हे कुणी सांगितलंच नाही, अशी तक्रार मार्चमध्ये येते, म्हणून मी जूनमध्येच सांगते. वर्षाचे शंभर गुण. त्यांपैकी वार्षिक परीक्षेला चाळीस, चाचण्यांना वीस, आणि गृहपाठ, पायऱ्या, वर्गातला सहभाग व वहीची टापटीप यांना प्रत्येकी दहा. ऐंशी किंवा त्याहून जास्त मिळाले तर 'अ' श्रेणी. चाचणीत प्रत्येक उदाहरण पाच गुणांचं असेल. त्यात उत्तराला एक गुण आणि पायऱ्यांना चार. उत्तर कुणीही आणू शकतं. ते कुठून आणलं हे दाखवावं लागतं. टापटिपीत खाकी कव्हर, लाल समास आणि उत्तराखालच्या दोन रेघा धरल्या जातील. रेघा पट्टीनं ओढाव्यात, हातानं नव्हे.

ही गुणदान पद्धत मी स्वतः तयार केली असून जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात तिला दुसरं बक्षीस मिळालं आहे. खाली सही करून कागद परत पाठवावा. शंका लेखी विचाराव्यात.

सौ. विजयश्री
अतिथी शिक्षिका, गणित


८ जून २०२४

गणिताच्या बाईंना गुंडेरावचा नमस्कार.

मी रेणुकाचा आजा. तिचे आईबाप बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला आहेत, म्हणून पोरगी आमच्याकडं आहे आणि सही माझी आहे. मी सातवी पास, तीही त्या काळातली, त्यामुळे कागद शेवटपर्यंत वाचला. शंका लेखी विचारा म्हणालात, म्हणून विचारतो.

टापटिपीला दहा गुण आणि बरोबर उत्तराला एक, हे छापताना चुकलं आहे का? मी चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केली. झूल बघून बैल घेणारी गिऱ्हाइकं मला फार भेटली. माझं घर त्यांच्याच जिवावर उभं राहिलं, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. खाकी कव्हर रेणुकाच्या आजीनं, चंद्रभागाबाईनं, सिमेंटच्या पोत्याच्या आतल्या कागदाचं घातलं आहे. समास मी ओढला. तेव्हा त्या दहांत आम्हा दोघांचे किती, तेही कळवावं.

आता कामाचं बोलतो. तुमच्या शाळेत आठवीच्या पुढं वर्ग नाही. गुलबर्ग्याला मुलींची निवासी शाळा आहे, तिथं नववीला फुकट घेतात, पण गणितात 'अ' असेल तरच. माझा मुलगा महेशकुमार, म्हणजे तिचा बाप, म्हणतो, ''अ' आली तर धाडू. न्हाई तर आठवी बास झाली, घरात आज्जीच्या हाताखाली ऱ्हाईल.' एकदा बोलला की तो मागं सरत नाही; त्या बाबतीत माझ्यावर गेला आहे. तुमचे ऐंशी गुण तुम्हाला कागदावरचा आकडा असतील, आमच्या पोरीचं पुढचं सगळं शिक्षण तेवढ्यावर अडलं आहे. ती हुशार आहे. बोलते कमी.

सही केली आहे. खालची रेघ पट्टीनं ओढली आहे.

गुंडेराव


३० जुलै २०२४

श्री. गुंडेराव यांस स. न.

सहीखाली रेघ ओढणारा पालक मला नोकरीत पहिलाच भेटला. आजींना कव्हराचे तीनपैकी तीन गुण दिले आहेत. ते रेणुकाच्या नावावर धरले, आजींनी राग मानू नये.

पहिल्या चाचणीचा पेपर सोबत आहे. पाच उदाहरणं, पाचही उत्तरं बरोबर, गुण पंचवीसपैकी पाच. आपण चिडाल म्हणून आधीच सांगते, कागदावर उत्तराशिवाय एक अक्षर नाही. 'क्ष = ४' आणि खाली दोन रेघा. बाकी पान इतकं कोरं आहे की पुढच्या चाचणीला वापरता येईल.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. चाचणी चालू असताना तिचे दोन्ही हात सारखे ओढणीखाली होते आणि आत काहीतरी हलत होतं. मी तिला उभं करून ओढणी झटकायला लावली. चिठ्ठी सापडली नाही. 'हात कामून लपवायलीस?' असं विचारलं तर गप्प. 'उत्तर कसं आणलंस?' तर आणखी गप्प. शेजारी शरणबसव बसतो, संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. त्याची वही शाळेत सगळ्यांत नेटकी आहे. पण त्याचं बघून लिहिलं म्हणावं तर त्याची दोन उत्तरं चुकली आहेत. ही चोरी असेल तर माल कुठून आला ते मला कळलेलं नाही. घरी विचारून लेखी खुलासा पाठवावा.

विजयश्री


१ ऑगस्ट २०२४

बाईंना नमस्कार.

खुलासा मागितलात. चोर मी आहे, लिहून घ्या.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातावर दस्ती टाकतो, म्हणजे खांद्यावरचा लहान टॉवेल, आणि तिच्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरतो. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर, कितीदा दाबली, त्यावरून आकडा कळतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, कुणाला काही समजत नाही. आणि दस्तीखाली ठरलं ते दस्तीखालीच राहतं. आकडा कुठून चढला, कसा उतरला, हे दलालानं मेल्यावरसुद्धा सांगायचं नाही. ज्यानं सांगितलं त्याच्या हातात पुढच्या बाजारी कुणी हात देत नाही.

रेणुका सहा वर्षांची असल्यापासून माझ्यापाशी बाजारात बसायची. घरी आल्यावर आमचा खेळ चालायचा. मी दस्ती टाकून म्हणायचो, एक आकडा धरलाय, त्याची तिप्पट केली, वर चार घातले, एकोणीस झाले. काय धरलं होतं? ती माझ्या तळहातात पाच बोटं दाबायची. मला वाटायचं पोरगी खेळतेय. तुम्ही त्याला बीजगणित म्हणता आणि त्यासाठी आठवड्याला सहा तास घेता, हे मला परवा कळलं.

तेव्हा ओढणीखाली जी हलत होती ती तिची बोटं. तीच तिची पाटी आहे. आणि तुम्ही विचारलं तेव्हा ती गप्प राहिली, कारण कसं आणलं ते सांगायचं नसतं हे मीच तिला शिकवलं. तुम्ही भर वर्गात तिला ओढणी झटकायला लावलीत. ती घरी येऊन जेवली नाही. तेरा वर्षांच्या पोरीला एकतीस पोरांसमोर असं उभं करायला तुमच्या कागदात किती गुण आहेत?

बैल दाताला कोवळा, नांगराला सरळ, पण कुठल्या रस्त्यानं बाजारात आला ते सांगत नाही म्हणून पंचवीसपैकी पाच. असं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत भेटलं नाही.

गुंडेराव


१२ ऑगस्ट २०२४

आजोबा,

'श्री. गुंडेराव यांस' सोडून आज आजोबा लिहिते, कारण आधी माफी मागायची आहे. तिला ओढणी झटकायला लावली ही माझी चूक झाली. रेणुकाला मी हे एकटीला बोलावून सांगितलं. तिनं मान हलवली. माफ केलं की नाही ते कळलं नाही, कारण तिथंही तिनं पायऱ्या दाखवल्या नाहीत.

माफी संपली. आता पुढचं ऐका. वार्षिक परीक्षेचा पेपर मी तपासणार नाही, तो तालुक्याला जाणार. तिथला परीक्षक दुसऱ्याच शाळेचा असेल. त्याला दस्ती माहीत नाही आणि रेणुकाही माहीत नाही. त्याच्यापुढं पेपरांचा गठ्ठा असेल आणि जेवायची वेळ झालेली असेल. पायऱ्या नसतील तर तो चाळीसपैकी आठ देऊन पुढचा पेपर ओढेल आणि त्याला कुणी चूक म्हणणार नाही. मी तिला आज अडवते आहे ती तिथं अडू नये म्हणून. तुम्हाला मी खडूस वाटत असेन, तर तेही चालेल.

तिला तुम्ही बांधलं आहे, सोडायचंही तुम्हीच. मी सांगून ती बोलणार नाही. बाजारातली रीत वेगळी आणि शाळेतली वेगळी, हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या.

विजयश्री

ता. क. बैलांची उदाहरणं आता पुरे. मुलं रांगेत उभी राहिली की मला त्यांचे दात मोजावेसे वाटतात.


३० सप्टेंबर २०२४

बाई,

तुम्ही म्हणालात तसं केलं. तिला गोठ्यात बसवून सांगितलं, 'बाई आपलं गिऱ्हाईक न्हाईत. त्यांना समदं सांगायचं. मी सोडलं तुला.' ती म्हणाली, 'दुसऱ्यानं बघितलं तरीबी, आबा?' म्हटलं, बघू दे. दीड महिना रोज संध्याकाळी ती पायऱ्या लिहायची आणि मी समोर बसून, कळो न कळो, मान हलवायचो. चंद्रभागाबाई म्हणाली, 'एवढं सोंग तर तुम्ही आपल्या सोयरिकीतबी केलं न्हवतं.'

दुसऱ्या चाचणीत तिनं पाचही उदाहरणांच्या पायऱ्या लिहिल्या. वीस गुण आले. चौथ्या उदाहरणाला शून्य. पायऱ्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी लाल रेघ, पट्टीनं, आणि शेजारी तुमच्या अक्षरात 'क्ष = ५'.

मी सातवी पास, पण सौदा उलटा करून बघायची सवय गेली नाही. तुमचं उदाहरण असं आहे: क्षमधून तीन काढून उरतील त्यांची चौपट केली, की ती क्षच्या दुपटीत दोन मिळवल्याएवढी होते. रेणुकानं क्ष सात काढला. सातातून तीन गेले, चार उरले, चौपट सोळा. साताची दुप्पट चौदा आणि दोन, सोळा. आता तुमचा पाच घालतो. पाचातून तीन गेले, दोन उरले, चौपट आठ. पाचाची दुप्पट दहा आणि दोन, बारा. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला बारा. 'बरोबर' या शब्दाचा अर्थ शासनानं बदलला असेल तर कळवावं.

रेणुका म्हणते, बाकीच्या एकतीस पोरांनी पाचच लिहिलं आहे. तुम्ही आदल्या दिवशी हेच उदाहरण फळ्यावर सोडवून दिलं होतं, ते सगळ्यांनी पाठ केलं आणि उतरवलं. सगळ्यांना पाचपैकी पाच. शेजाऱ्याचं बघून लिहिण्यावर तुमचा आक्षेप होता, बाईंचं बघून लिहिण्यावर दिसत नाही.

गुण गेले त्याचं मला दुःख नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू, आहे. त्याहून वाईट हे, की त्या दिवसापासून तिनं परत लिहायचं सोडलं. वही मिटली आणि म्हणाली, 'म्हणूनच दाखवायचं नसतंय, आबा.' तिला काय उत्तर देऊ ते लेखी कळवा.

गुंडेराव


२२ ऑक्टोबर २०२४

मा. गुंडेराव यांस,

आपले दि. ३० सप्टेंबरचे पत्र मिळाले. दसऱ्याच्या सुट्टीमुळे उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. कु. रेणुका हिच्या उत्तरपत्रिकेची सहानुभूतिपूर्वक फेरतपासणी करण्यात आली असून तिला पाच गुण वाढवून देण्यात आले आहेत. दुसऱ्या चाचणीतील तिचे गुण आता पंचवीसपैकी पंचवीस आहेत. सुधारित पेपर सोबत जोडला आहे. सदर बाब इतर पालकांच्या निदर्शनास आणू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
सौ. विजयश्री


२४ ऑक्टोबर २०२४

बाई,

ऑगस्टमध्ये आजोबा होतो, दसऱ्यानंतर 'मा.' झालो. तुमची चिठ्ठी वाचून मी चंद्रभागाबाईला म्हटलं, बाई आपल्या धंद्यात आल्या.

उत्तर कुणीही आणू शकतं, ते कुठून आणलं हे दाखवावं लागतं, असं तुम्हीच जूनमध्ये छापून पाठवलं होतं. मग हे पाच गुण कुठून आणले? आठ आणि बारा सारखे कसे झाले होते? एकतीस पोरं अजून पाच धरून बसली आहेत, ती तशीच वार्षिकला जाणार का? तालुक्याचा तो जेवायच्या घाईतला परीक्षक त्यांना काय देईल? माझं चुकलं, असा एक शब्द चिठ्ठीत नाही. वर कुणाला सांगू नका म्हणता. मला दस्ती टाकायला शिकायला दोन वर्षं लागली होती, तुम्ही तीन आठवड्यांत शिकलात.

पेपर परत पाठवतो आहे. वाढवलेला आकडा मी खोडला आहे. ते गुण पोरीला हवे आहेत, आणि मला तर तिच्याहून जास्त हवे आहेत. ऐंशीला किती कमी पडतात ते मी रोज मोजतो. पण असे घेतले तर तिनं वही मिटली तेच बरोबर होतं, असं होईल.

पायऱ्या दाखवा.

गुंडेराव


२ डिसेंबर २०२४

आजोबा,

पंधरा दिवस तुमच्यावर चिडले होते आणि पुढचे पंधरा दिवस स्वतःवर, म्हणून उशीर झाला. पायऱ्या मागितल्यात, घ्या.

रेणुकाचा पेपर तपासताना 'सात' बघून मी थांबले होते. ज्या मुलीचं उत्तर कधी चुकत नाही तिचं उत्तर माझ्याहून वेगळं आलं होतं. घालून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर कळलं असतं, आणि तोवर एकतीस पेपर तपासून झाले होते. मी रेघ ओढून टाकली.

तुमचं पत्र आल्यावर मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, 'एकीला पाच द्या आणि विषय मिटवा. एकतीस जणांचे कापाल तर एकतीस घरं शाळेत येतील, आणि पहिलं घर अध्यक्षांचं येईल.' आजोबा, मी अतिथी शिक्षिका आहे. दर जूनला मला बोलावतात किंवा बोलावत नाहीत. भालकीत भाड्याच्या दोन खोल्या आहेत, दोन मुलं आहेत, सासूबाई आहेत. मी घाबरले. म्हणून तुम्हाला 'मा.' लिहिलं आणि 'सहानुभूतिपूर्वक' हा शब्द घातला. तो लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली होती, हे आज सांगते.

परवा शनिवारी सकाळच्या शाळेत ते उदाहरण मी परत फळ्यावर लिहिलं, सप्टेंबरात सोडवलं होतं तसंच, चुकीसकट. म्हटलं, यात बाईंची चूक आहे, शोधा. शरणबसव म्हणाला, 'पण बाई, मला पाच मिळालेत.' रेणुकाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. मग ती उठली, फळ्यापाशी आली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी विचारलं, 'कामून?' ती म्हणाली, 'बारा या बाजूनं त्या बाजूला गेले, त्यांचं चिन्ह बदललं, ते बराबर हाय. दोन तर जागचे हललेच न्हाईत. त्यांचं चिन्ह कामून बदललं, बाई?'

सहा महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा सलग बोलली आणि बोलली ती माझ्या चुकीबद्दल. मी तिच्यासमोर माझ्या उत्तरावर काट मारली. पट्टी शोधत बसले नाही.

एकतीस जणांचे पाच-पाच गुण कापले. ज्यानं चूक नीट समजावून लिहिली त्याला तीन परत दिले. रेणुकाचे पाच सगळ्यांसमोर दिले आहेत, आता ते परत पाठवू नका. मुख्याध्यापक म्हणाले होते तसं पहिलं घर अध्यक्षांचंच आलं.

विजयश्री


५ डिसेंबर २०२४

बाई,

पाच गुण ठेवून घेतले.

शनिवारी रेणुका घरी आली ती पळतच. 'आबा, बाईनं सोताचं खोडलं,' एवढंच सांगत होती. चंद्रभागाबाईला तीनदा सांगितलं, म्हशीलाही सांगितलं असावं. जेवून वही उघडली आणि राहिलेल्या सगळ्या उदाहरणांच्या पायऱ्या लिहीत बसली. मी मान हलवायला गेलो तर म्हणाली, 'आबा, तुम्ही न्हाई हलवलं तरी चालतंय.' म्हणजे माझी नोकरी गेली.

तुम्हाला टोचून लिहिलं त्याचं मला वाईट वाटत नाही, लिहायलाच हवं होतं. पण तुमच्या दोन मुलांचं वाचलं तेव्हा वाटलं. जूनला ते लोक काय करतात ते कळवा.

गुंडेराव


१० एप्रिल २०२५

आजोबा,

निकाल सोबत आहे. वार्षिक चाळीसपैकी अडतीस, तेही तालुक्याच्या त्या परीक्षकाकडून. चार चाचण्या मिळून शंभरपैकी ऐंशी, म्हणजे वीसपैकी सोळा, कारण पहिल्या चाचणीतले वीस गुण गेले ते गेलेच. गृहपाठ नऊ, पायऱ्या सात, सहभाग पाच. टापटीप चार, दिवाळीनंतर कव्हर फाटलं, समास सुटले आणि रेघा हातानं ओढल्या. एकूण एकोणऐंशी. श्रेणी 'ब+'.

मी तीनदा बेरीज केली. एकोणऐंशीच येतात.

मुख्याध्यापक स्वतःहून म्हणाले, 'एक गुण टाका, आता तरी हट्ट सोडा.' टापटिपीत चाराचे पाच केले असते तर कुणी विचारलं नसतं. दोन दिवस पेन हातात घेऊन बसले होते. मला ती मुलगी शिकायला हवी आहे, आजोबा, स्वतःची असल्यासारखी हवी आहे. पण ऑक्टोबरात तुम्ही पाच गुण परत पाठवले होते, आणि हा एक गुण त्याच जातीचा झाला असता. तो कुठून आला हे ती कधी कुणाला सांगू शकली नसती.

म्हणून एकोणऐंशीच ठेवले आणि निवासी शाळेच्या अर्जाला एक जादा पान जोडलं. त्यात एकोणऐंशीच्या पायऱ्या आहेत. सहा गुण कव्हर, समास आणि रेघांत गेले, हे लिहिलं. पहिल्या चाचणीत पाचही उत्तरं बरोबर असताना वीस गुण गेले आणि वर मी तिच्यावर चोरीचा संशय घेतला, हे लिहिलं. फळ्यावर माझी चूक एकतीस जणांनी उतरवली आणि हिनं शोधली, हे लिहिलं. बक्षीस मिळालेली ही पद्धत माझीच, आणि वर्गातल्या सगळ्यांत चांगल्या मुलीला तिनं 'ब+' दिला, हेही लिहिलं. खाली सही आहे. ती शाळा काय करेल मला माहीत नाही. महेशकुमारांना हे पान आधी वाचायला द्या.

जूनचं विचारलं होतंत. बोलावलं आहे, पण गणिताला नाही. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण. आकड्यांपासून मला लांब ठेवलेलं बरं, असं अध्यक्षांचं मत पडलं. मला कवायत येत नाही. शिकावी लागेल.

विजयश्री


कलबुर्गी (आबांचं गुलबर्गा)
१३ जुलै २०२५

बाईंना रेणुकाचा नमस्कार.

मी आजवर कुणाला पत्र लिहिलं नाही. आबा म्हणाले, काय झालं ते सगळं लिही, मधलं गाळू नकोस. म्हणून लिहिते.

तुमचं जादा पान बाबांनी कोळारला कारखान्याच्या गेटवर उभं राहून वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, 'बाईनं सोताच्या इरुद्ध एवढं लिहून दिलंय, मला माझा एक शब्द माघारी घ्यायला काय झालं?' आणि दोन दिवस रजा टाकून मला इथं घेऊन आले. मुलाखतीत मोठ्या बाईंनी विचारलं, 'एक गुण कमी आहे, कसं घ्यायचं तुला?' मी म्हटलं, कमी आहे ते खरं आहे. मग त्यांनी फळ्यावर तीन उदाहरणं घातली. मी बोलत बोलत सोडवली. हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं, म्हणून एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात डस्टर घट्ट धरलं होतं. त्यांनी घेतलं.

इथं जेवण बरं आहे, भाजीत तिखट कमी असतं. पहिले आठ दिवस आज्जीची फार आठवण आली. गणिताला एक सर आहेत. ते पायऱ्यांना फार मानतात. गेल्या मंगळवारी फळ्यावर त्यांची दुसऱ्या ओळीत चूक झाली. मी तीनदा बघितलं. मग उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, सर, दुसरी ओळ चुकली. सरांनी विचारलं, 'आठवीत किती होते?' मी म्हटलं, एकोणऐंशी. सगळ्या मुली हसल्या. सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं.

बाई, मी रडले नाही. बाहेरून फळा नीट दिसतो. दहा मिनिटांनी सरांनी ती ओळ पुसून बरोबर केली, पण मला आत बोलावलं नाही. तास संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, सर, दुसरी ओळ का बदलली? त्यांनी अजून सांगितलं नाही. मी रोज विचारते.

तुमची,
रेणुका